थोरली उभी राहिली तेव्हा

त्या वर्षी थंडी लांबली आणि विटा वाळेनात. एरवी चार दिवसांत कच्ची वीट टणक व्हायची. त्या वर्षी आठव्या दिवशीही बोट रुतायचं. वीट वाळत नाही म्हटल्यावर ती सारखी पालटावी लागते. सपाट पडलेली कुशीवर करायची, मग दुसऱ्या कुशीवर, मग उभी. थापायचं काम मोठ्यांचं आणि पालटायचं पोरांचं, असं आमच्या भट्टीवर पहिल्यापासून चालत आलेलं. मोठ्या माणसाच्या हातात ओली वीट तुटते, पोरांची बोटं हलकी असतात, असं आम्ही म्हणायचो. म्हणून म्हणून ते आम्हाला खरंही वाटायला लागलं होतं.

म्हणजे शाळेची घंटा व्हायची तेव्हा भट्टीवरची पोरं विटांच्या ओळींमध्ये वाकलेली असायची.

शाळेचा नियम साधा होता. पंधरा दिवस सलग गैरहजर, की नाव कमी. हंगाम संपला की आम्ही पोरांना धुऊनपुसून पुन्हा शाळेत नेऊन बसवायचो आणि ती पुन्हा त्याच वर्गात बसायची. माझी पोरगी दुसरीत तिसऱ्यांदा बसली होती. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण एका जागी तिचा पाय ठरत नसे. दुसरीच्या बाकात तिचे गुडघे मावत नव्हते. ती पाय बाजूला काढून तिरकी बसायची आणि येणारी-जाणारी पोरं तिच्या पायाला अडखळायची.

मोठे गुरुजी मला म्हणाले, "बाई, या खेपेला नाव कमी झालं तर मी परत घेणार नाही. दहा वर्षांची मुलगी, हिला सात वर्षांच्या पोरांत किती दिवस बसवू? मलाच लाज वाटते."

मी मान हलवली. चारचौघांत मला कधी बोलता यायचं नाही. जीभ टाळ्याला चिकटायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, घरात वाचता येणारी मी एकटी. पण समोर खुर्चीवर माणूस बसला की मी पार दगड व्हायचे.

बोलायची ती माझी जाऊ, थोरली. तिला सही येत नव्हती, पण तिचा आवाज भट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आमचं घर चौघांचं आणि भिंगरीचं. थोरले दीर आणि आमचे हे माती खणायचे आणि पायानं गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवायचे. आम्ही दोघी थापायला बसायचो. थोरली गाऱ्याचा गोळा उचलायची, वाळूत लोळवायची आणि साच्यात असा आपटायची की चारही कोपरे एका दणक्यात भरायचे. मी वरून हात फिरवून साचा रिकामा करायचे. मी साचा भरला तर मला दोन दणके लागायचे. दिवसभरात आम्ही दोघी हजारावर विटा काढायचो, आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून एकमेकींना उठवायचो. थोरलीला मूल नव्हतं. तो विषय घरात कुणी काढत नसे. ती स्वतःच काढायची, तेही चेष्टेत. "माझं काय, हजार पोरं रोज काढते," म्हणायची, "आणि सगळी एका तोंडवळ्याची."

त्याच दिवसांत शाळा समितीतली पालकांची एक जागा रिकामी झाली. पोरांची नावं ठेवायची की काढायची, शाळा किती वाजता भरवायची, हे ती समिती ठरवायची. जागेसाठी भट्टीचे मालक उभे राहणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा चौथीत होता आणि शाळेच्या कुंपणाला विटा त्यांनीच दिल्या होत्या.

थोरली साचा धूत म्हणाली, "धाकटे, तू उभी राहा."

"मी? अक्का, मला घाम फुटतो."

"मग मी राहते."

"तुम्हाला लिहिता येत नाही."

"बोलायला जायचंय की शुद्धलेखनाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी शाळेत गेलो. हात घासले होते, तरी नखांत माती होतीच. मोठ्या गुरुजींच्या खोलीत शिंपी बसला होता. तो समितीवरचा जुना सभासद. गुरुजींनी कागद पुढ्यात ओढला आणि विचारलं, "मुलाचं नाव? वर्ग?"

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं.

"नियम असा आहे बाई, की ज्याचं मूल शाळेत आहे त्यालाच उभं राहता येतं. तुम्हाला..." गुरुजी तिथं थांबले. त्यांनाही पुढचा शब्द सापडेना.

"नाही," थोरली म्हणाली. तिनं हात पदराखाली घेतले.

दारातला शिपाई उगीच हसला. तेव्हा शिंपी म्हणाला, "पालक म्हणजे जन्म दिलेलाच, असं कुठं लिहिलंय गुरुजी? सांभाळतो तो पालक. रजिस्टरात तसं लावता येतं. आईची संमती हवी, एवढंच."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हटलं. गुरुजींनी हजेरीचं मोठं रजिस्टर काढलं, भिंगरीच्या नावापुढचं 'पालक' या रकान्यातलं आमच्या ह्यांचं नाव एका रेघेनं खोडलं आणि वर थोरलीचं लिहिलं. खाली मी सही केली. सही करताना काही वाटलं नव्हतं, पण उठून बाहेर आल्यावर ती रेघ डोळ्यांपुढून जाईना. रेघ पट्टी लावून मारली होती. सरळ.

घरी हे ऐकून भिंगरीला मोठी गंमत वाटली. "म्हणजे मी आता मोठ्या आईची?"

"कागदावर," थोरली म्हणाली. "जेवायला आईकडेच जायचं. माझ्याकडे फक्त मार खायला यायचं."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या संध्याकाळी भिंगरीची वेणी घालायला थोरली बसली, ती नेहमीच घालायची, आणि मी म्हटलं, "द्या इकडे, मी घालते." थोरलीनं माझ्याकडे पाहिलं आणि फणी माझ्या हातात दिली.

नंतरचे आठ-दहा दिवस ती पायाला चाक लावल्यासारखी फिरली. थापून झालं की खोपटा-खोपटात जायची. घरटी एक मत, आणि भट्टीवर सत्तावीस घरांतली पोरं शाळेत होती. ती प्रत्येक घरी एकच सांगायची, "शनिवारी चारला शाळेच्या अंगणात यायचं, आणि माझं नाव घेतलं की हात वर. दोन्ही नाही, एकच." गावातली एकोणीस घरं मालकांच्या बाजूची होती. हिशेब कुणीही बोटांवर करावा इतका सोपा होता. मालकांनाही तो कळला असावा, कारण शुक्रवारी ते थापायच्या जागी येऊन उभे राहिले.

"काय थोरलीबाई, आमच्याविरुद्ध उभ्या राहिलात म्हणे."

"विरुद्ध नाही मालक. तुमच्या शेजारी. निवडून द्यायचं ते लोक बघतील."

"राहा, राहा. उत्साह असावा माणसात," ते म्हणाले, आणि नुकत्याच काढलेल्या ओळीतली एक वीट बुटाच्या टोकानं चाचपून निघून गेले. विटेचा कोपरा बसला. थोरलीनं ती वीट उचलून पुन्हा गाऱ्यात टाकली.

शनिवारी ऊन चांगलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विटांवर पांढुरकी झाक आली होती. चार दिवसांची थाप भट्टीच्या अंगणभर उघडी पसरलेली, आणखी एक ऊन मिळालं की रचता आली असती. आम्ही तीन वाजता काम थांबवलं, पाय धुतले आणि सगळे मिळून शाळेत गेलो. भट्टीची माणसं एका बाजूला जमिनीवर बसली. गावातली माणसं दुसऱ्या बाजूला, काही बाकांवर. मालकांना खुर्ची दिली होती. थोरलीलाही दिली होती, पण ती तिच्याशेजारी उभीच राहिली. म्हणाली, खुर्चीवर बसून बोललं की माझा आवाज निघत नाही.

मालक दोन मिनिटं बोलले. कुंपण, पाण्याची टाकी, शिस्त. मग थोरली बोलली.

"पोरांची नावं आपण दर साली लिहितो आणि दर साली खोडतो," ती म्हणाली. "एकदा लिहिलेलं राहू दे, एवढंच माझं म्हणणं आहे. ते कसं जमवायचं ते बसून ठरवू. मला खडूसुद्धा धरता येत नाही, पण खाली बसून ऐकता येतं आणि उभं राहून बोलता येतं."

बायकांत कुणीतरी "बरोब्बर" म्हणालं. मोठे गुरुजी टेबलाजवळ आले. आधी मालकांच्या नावानं हात, मग थोरलीच्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली.

तेवढ्यात ऊन गेलं.

एकदम नाही, अंगणात बसलेल्यांची सावली पुसट होत होत नाहीशी झाली. वारा फिरला आणि त्याला ओल्या मातीचा वास आला. थोरलीनं मान वर केली. पश्चिमेकडून काळा पट्टा भट्टीच्या दिशेनं सरकत होता. भट्टीवर ढग दिसला की हाक द्यायचं काम तिचंच होतं. वीस वर्षं तिनं ते केलं होतं. तिचा आवाज तिला विचारायला थांबला नाही.

"चटया!" ती ओरडली. "ढग आला गं, चटया!"

सत्तावीस घरांची माणसं एका झटक्यात उठली. कुणी कुणाला विचारलं नाही. मी चपला तिथंच टाकल्या. फाटकातून बाहेर पडताना मी मागे बघितलं तर थोरली पदर खोचून आमच्याही पुढे धावत होती.

भट्टीवर पोहोचलो आणि दोघीदोघींनी चटया ओढायला सुरुवात केली. चटयांच्या कडा धरायच्या, ओळीवर झोकायच्या, चारही कोपऱ्यांवर भाजलेली वीट ठेवायची. हात आपोआप चालत होते. अर्धं अंगण झाकून झालं तेव्हा थोरलीच्या हातातली चटई सुटली. ती उभीच राहिली.

"अगं," ती म्हणाली, "मतं!"

कुणाला हसू येईना. आम्ही तशाच माखलेल्या हातांनी परत पळत गेलो. पोहोचलो तेव्हा मोठ्या गुरुजींचे कागदावर आकडे लिहून झाले होते. मालकांना एकोणीस. थोरलीला तीन. तिघं म्हणजे गुडघे धरलेली एक म्हातारी, अंगावर पाजणारी एक बाई आणि आमचे थोरले दीर, जे सभा सुरू व्हायच्या आधीच भिंतीला टेकून झोपले होते आणि म्हातारीनं ढोसल्यावर त्यांनी हात वर केला होता.

"गुरुजी, आम्ही आलोय," थोरली धापा टाकत म्हणाली. "परत मोजा."

"बाई, हजर असलेल्यांचीच मतं धरतात. मी थांबलो होतो. दहा मिनिटं थांबलो." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुम्हीच सगळ्यांना घेऊन गेलात. मी काय करू?"

मालक खुर्चीवरून हलले नव्हते. त्यांच्या विटा, त्यांची भट्टी; पण त्यांनी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. गरजच नव्हती. आणि आभाळानं तरी काय दिलं? जेमतेम शिंतोडे. जमिनीची धूळही नीट बसली नाही.

परत येताना पुढे चाललेला माती खणणारा एक जण म्हणाला, "इतक्या सभा बघितल्या, पण स्वतःची सभा स्वतः उधळणारी बाई आजच बघितली." त्यावर मात्र सगळे हसत सुटले, आणि थोरलीही हसली. घराशी आल्यावर ती रांजणाशी गेली, तोंड धुतलं, आणि बराच वेळ तोंड धूतच राहिली.

मी तिला म्हटलं, "विटा मालकाच्या होत्या अक्का."

"थापल्या कुणी?" ती म्हणाली.

सोमवारी मालक स्वतः आले. "थोरलीबाई, तुम्ही हाक दिलीत. मोठा पाऊस आला असता तर माझी चार दिवसांची थाप गेली असती. तुम्हाला काय हवं ते मागा." मनापासून म्हणत होते. माणूस वाईट नव्हता, हे मला म्हातारपणी कबूल करायला हवं.

"तुमची बैठक असेल तेव्हा मला दारात बसू द्या," थोरली म्हणाली.

ते हसले. "दारात बसायला कोण अडवतंय?"

पुढची बैठक महिन्यानं झाली, सकाळी अकराला. त्या दिवशी नावं कमी करायची यादी होती, म्हणून मीही गेले. आम्ही उंबऱ्याच्या बाहेर बसलो, चपला शेजारी काढून. आत टेबलाभोवती पाच जण. मोठ्या गुरुजींनी यादी वाचली. बारा नावं, सगळी भट्टीवरची. सातवं नाव भिंगरीचं होतं. ते ऐकताना माझे कान तापले.

यादी संपल्यावर मालक घसा खाकरून म्हणाले, "सातवं नाव राहू द्या. त्या घरानं माझ्यासाठी धाव घेतली होती. एका मुलीचं नाव ठेवलं तर शाळा काही बुडत नाही."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळ्यांत पाणीच आलं. मी हात जोडणार, इतक्यात थोरली उजवा हात पदराखाली घेऊन शेजारून उठली.

"तिचं एकटीचं नको," ती म्हणाली. "ठेवायची तर बाराच्या बारा ठेवा. नाहीतर तिचंही काढा."

मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

मालक म्हणाले, "बाई, मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

"कळतंय मला. पण मी तिची पालक आहे. तुमच्याच रजिस्टरात तसं लिहिलंय. पालक म्हणून सांगते."

शिंपी टेबलावर बोट वाजवत बसला होता. तो म्हणाला, "पालकच नको म्हणत असेल तर एकटीचं कसं ठेवणार?" आणि गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. मला ते टोपण निघाल्याचा आवाज आला. मी आई. मी सही करून दिली होती. ओरडावं असं वाटलं आणि जीभ नेहमीसारखी टाळ्याला चिकटली. तिच्या पोटची असती तर बोलली असती का ही, हेच माझ्या मनात येत होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"पोरं कुठं होती ते तुम्हाला माहीत आहे," थोरली मालकांना म्हणाली. "तुमच्या विटा पालटत होती."

"मी बोलावली का त्यांना? तुम्ही आणता."

थोरलीनं मान डोलावली. "खरं आहे," ती म्हणाली. "आम्हीच आणतो. मोठ्या हातानं वीट तुटते म्हणतो आणि पोरांना वाकवतो. गेले दहा दिवस मी स्वतः पालटून बघितलं. नाही तुटत. कंबर तुटते, वीट नाही तुटत. आम्ही बायका उजाडायच्या आत उठून पालटू. तुम्ही एवढंच करा, की सकाळी थापायला उशीर झाला तर आम्हाला बोलू नका. पोरं घंटेला शाळेत असतील. नसली तर मी स्वतः येऊन सांगेन, खोडा म्हणून."

मालक खिडकीतून कुंपणाकडे बघत होते. गुरुजी पेन धरून वाट बघत होते, पण कुणाची ते त्यांनाही कळत नसावं. शेवटी मालक म्हणाले, "उशीर किती?"

"दोन घटका."

"एक."

"दीड," थोरली म्हणाली, आणि शिंपी फिसकन हसला.

मालकांना हसू आलं नाही, पण त्यांनी हात झटकला. "हंगाम संपेपर्यंत राहू द्या गुरुजी. मग बघू."

गुरुजींनी टोपण लावलं. यादीची घडी करून ती रजिस्टरात ठेवून दिली. एवढंच झालं. कुणी ठराव लिहिला नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती यादी पुढच्या बैठकीत निघाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि भिंगरी पुढच्या वर्षी तिसरीच्या बाकावर सरळ बसली. पण ते पुढचं. त्या दिवशी आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर पाण्याचा एक पाट होता. फार रुंद नाही, पण काठ निसरडे. थोरली नेहमीसारखी आधी पलीकडे गेली, वळली आणि मला घ्यायला हात पुढे केला. हाताची कातडी दहा दिवसांच्या पालटण्यानं फाटली होती. आतमध्ये इतका वेळ तो तिनं पदराखाली का धरून ठेवला होता, ते मला तेव्हा कळलं.

मी तो हात घेतला नाही. नाव राहिलं होतं, तरी घेतला नाही. मी चार पावलं वर गेले, जिथं पाट रुंद होता, आणि गुडघाभर पाण्यातून एकटी पलीकडे आले. ती हात तसाच धरून उभी होती. मग तिनं तो पदराला पुसला, ओला नसतानाही, आणि आम्ही दोघी एकीमागे एक थापायला गेलो.